विनवणीचा मान

मेंग सर दरवर्षी डिसेंबरात निवृत्त होतात, आणि त्याच जेवणात, सोजू दारूची तिसरी बाटली रिकामी व्हायच्या आत, निवृत्ती मागे घेतात. आमच्या विद्यापीठाच्या समुद्री शेवाळ संशोधन केंद्रात दुसरं काही वेळेवर होत नाही. एवढं मात्र होतं.

त्याची रीत ठरलेली आहे. वर्षअखेरचं जेवण, बंदरावरचं तेच हॉटेल, तीच आतली खोली. खालून तापवलेल्या जमिनीवर मांड्या घालून सगळे बसलेले. आधी कच्चे मासे येतात, मग उकडलेला ऑक्टोपस. तो कापून झाला की सर चष्मा काढतात आणि रुमालाने पुसतात. त्यावर पुसण्यासारखं काही नसतं. मग मान खाली घालून म्हणतात, “मी आता म्हातारा झालो. माझ्या हातून केंद्राचं नुकसान व्हायला नको. ही खुर्ची आता दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी.”

यावर ‘बरं’ म्हणायचं नसतं. सरांच्या उजव्या हाताला केंद्रातला दोन नंबरचा माणूस बसलेला असतो. त्याने पहिली विनवणी करायची, “सर, असं अभद्र बोलू नका.” सर मान हलवतात. मग बाकीचे एका सुरात विनवतात. सर पुन्हा मान हलवतात. तिसऱ्यांदा उजव्या हाताच्या माणसाने गळा दाटून आणायचा. मग सर मोठा सुस्कारा टाकतात, “तुम्ही लोक मला मरेपर्यंत सोडायचे नाही,” असं म्हणतात आणि प्याला उचलतात. टाळ्या होतात. त्यानंतर माशाचं झणझणीत कालवण येतं, आणि सर ते चांगलं दोन वाट्या ओरपतात.

पहिली विनवणी झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. आमच्याकडे प्याला तोंडाला लावायलासुद्धा वय आणि नोकरीला लागल्याचं साल बघतात. मग रडायला क्रम नको?

हा पहिल्या विनवणीचा मान इतकी वर्षं बोंग सरांकडे होता. त्या माणसाला खरंखुरं रडू यायचं. कशाचं यायचं देव जाणे, पण डोळ्यांना धार लागायची आणि मेंग सर तृप्त व्हायचे. गेल्या फेब्रुवारीत बोंग सर निवृत्त झाले, खरेखुरे, आणि आपले अश्रू सोबत घेऊन गावी गेले. उजव्या हाताची जागा रिकामी झाली. सालाच्या हिशेबाने ती माझ्याकडे आली.

मी तक मिओक. वय त्रेपन्न. नवरा आहे, तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो आणि रविवारी येऊन झोपतो. मुलगा सैन्यातली सक्तीची नोकरी करतोय. घरी मी आणि माझा घाम. कारण वर्षभर झालं, मला केव्हाही, कुठेही, तळपायापासून अशी आग चढते की बाहेर बर्फ पडत असलं तरी खिडकी उघडावी लागते.

काम विचाराल तर समुद्र तापत चाललाय, आणि दाशिमा शेवाळ हे थंड पाण्याचं पोर. उन्हाळा लांबला की ते दोरीवरच सडतं. बेटांवरचे शेवाळवाले दरवर्षी सडके दोर ओढून आणायचे आणि माझ्यापुढे टाकायचे. गरम पाण्यात टिकेल असं वाण काढायला माझी अख्खी चाळिशी त्या थंड टाक्यांच्या शेडमध्ये गेली. वाण निघालं. निघाल्यावर ते मेंग सरांचं झालं. त्यांनी ते सहा देशांत नेऊन दाखवलं, फोटो काढले, परदेशी शाली पांघरून घेतल्या. टाकीत हात घातलेला त्यांना कुणी पाहिलेलं नाही. त्या पाण्याने त्यांना सर्दी होते म्हणे.

यंदाची गोष्ट जरा वेगळी होती. मेंग सरांना पासष्ट पूर्ण होत होती. फेब्रुवारीत प्राध्यापकी कायद्यानेच संपणार. पण केंद्राच्या प्रमुखाची खुर्ची आणखी तीन वर्षं राखता येते, अट एकच, केंद्रातल्या लोकांनी तसा आग्रह धरला पाहिजे आणि उपकुलगुरूंना तो पटला पाहिजे. म्हणून यंदाच्या जेवणाला सरांनी उपकुलगुरूंनाच बोलावलं होतं. माणसं आपल्यासाठी कशी टाहो फोडतात ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं, एवढाच हेतू.

आणि आग्रह झाला नाही, तर खुर्ची क्रमाने माझी.

तीन वर्षं थांबायला मी कुरकुरले नसते हो. पण सरांनी ठरवून ठेवलं होतं की माझी टाक्यांची शेड पाडून तिथे प्रदर्शन भरवायचं. सरांचे फोटो, सरांच्या शाली, काचेच्या पेटीत प्लास्टिकचं शेवाळ. टाक्यांतलं जिवंत बियाणं कुठे जाणार, तर गटारात. ते सांभाळणारी बांग दाउन नावाची मुलगी, मुलगी कसली, अडतीस वर्षांची बाई, डॉक्टरेट झालेली, तिचा करारही फेब्रुवारीतच संपत होता. सरांना तो वाढवायचा नव्हता. तिच्या जागी ग्वाकचा विद्यार्थी येणार होता. आणि तीन वर्षांनी माझ्या डोक्यावरून खुद्द ग्वाक. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

हा ग्वाक जेमान माझ्याहून चार वर्षांनी लहान, मेंग सरांचा लाडका शिष्य. सर हसायच्या आधी हसतो. सरांना शिंक आली तर हा रुमाल काढतो. जेवणाच्या आदल्या आठवड्यात हे रत्न संत्र्यांची पेटी घेऊन माझ्या खोलीत आलं.

“मॅडम, यंदा सुरुवात तुमच्याकडून ना?”

“जागा माझी आहे, तर सुरुवात माझीच.”

“नाही, म्हणजे उपकुलगुरू असणार. जरा मनापासून झालं तर बरं. बोंग सरांसारखं.”

“म्हणजे रडू?”

“तसं नाही हो मॅडम! पण बायकांना ते सहज जमतं. आम्हाला कांदा लागतो.” आणि स्वतःच खो खो हसला. मी हसले नाही, तरी त्याचं अडलं नाही.

मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर तुमच्यावर खूश आहेत. नवा सरकारी प्रकल्प येतोय ना, त्याला प्रमुख म्हणून तुमचंच नाव घालायचं म्हणत होते. बाई प्रमुख असली की हल्ली गुण जास्त मिळतात.”

“आणि ठरवणार कोण?”

“ते आपलं नेहमीप्रमाणे. सर आहेतच.”

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि वर तो वाळा घालताना मी लाजायचं होतं.

“वाक्य काय म्हणायचं?” मी विचारलं.

त्याला त्यातला टोमणा कळला नाही. गंभीर चेहरा करून त्याने मला वाक्य दिलं, “सर, तुम्ही गेलात तर आम्ही पोरके होऊ.”

पोरके! माझे आईवडील जाऊन वर्षं झाली, मुलाला मिशा फुटल्या, आणि आता मी पोरकी होणार. तेवढ्यात आग चढली. मी उठून खिडकी उघडली, समुद्रावरचा गार वारा आत आला आणि ग्वाकने कोटाची कॉलर वर केली.

“त्या वयाचं का मॅडम?” अगदी कळवळ्याने विचारलंन्. “आमच्या हिलापण होतं. डाळिंबाचा रस घ्या. स्वभाव शांत राहतो.”

त्याच्या बायकोचा स्वभाव शांत राहतो तो डाळिंबाने नव्हे, कंटाळ्याने. पण हे मी बोलले नाही. संत्री चांगली होती, ती मात्र ठेवून घेतली.

इथे कुणालाही वाटेल, या माणसांनी माझ्याकडून स्पष्ट वचन का नाही घेतलं? अहो, आमच्याकडे असं तोंडावर विचारणं म्हणजे असभ्यपणा. समोरच्याचं मन न विचारता ओळखायचं, याचा आम्हाला कोण गर्व! ग्वाकने माझं मन ओळखलं, मेंग सरांनी ग्वाकचं ओळखलं, आणि सगळे निर्धास्त झाले. माझ्या मनाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर माझं मन विनवणी करायलाच तयार होतं.

त्याच आठवड्यात ह्वांगबो ताईंचा फोन आला. आमच्या विद्यापीठात दारावर पाटी असलेल्या बायका दोनच, एक मी आणि एक या गृहशास्त्राच्या डीन. आमची ओळख झाली ती ‘महिला संशोधक नेतृत्व शिबिरा’त. विद्यापीठाने आम्हा पन्नाशीच्या बायकांना एका हॉटेलात कोंबलं होतं, आणि गालाला माइक चिकटवलेला एक कोवळा पोरगा आम्हाला नेतृत्व शिकवत होता. “खांदे सैल सोडा. डोळे मिटा. स्वतःला सांगा, मी पुरेशी आहे.” बाजूच्या खुर्चीतून आवाज आला, “याला कुणीतरी सांगा रे, आम्ही पुरून उरलोय.” त्या ह्वांगबो ताई. दुपारी त्या पोराने आम्हाला फुगे फुगवायला लावले. आमच्यात एक बाई होत्या, त्यांनी समुद्राच्या तळाचे नकाशे केलेले. त्याही फुगा फुगवत होत्या. वर शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र.

“ऐकलं मी सगळं,” ताई फोनवर म्हणाल्या. “रड ग बाई. काय जातं तुझं? मी तीन कुलगुरूंपुढे रडले, तेव्हा कुठे या दारावर माझं नाव लागलं.”

“आणि दाराआड काय केलंत ताई?”

“दाराआड?” त्या म्हणाल्या. “हिवाळ्यात हीटर छान चालतो.”

मग दोघी हसलो. हसून झाल्यावर मला त्यांची कीव आली, आणि लगेच स्वतःची. कारण फोन ठेवून मी न्हाणीघरात गेले, आरशापुढे उभी राहिले आणि म्हणून पाहिलं, “सर, तुम्ही गेलात तर आम्ही पोरके होऊ.” दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज बऱ्यापैकी कापरा आला. मी तो लक्षात ठेवला. प्रकल्पावर नाव तरी येईल, दाउनसाठी एखादा शब्द टाकता येईल, शेड निदान वर्षभर लांबवता येईल, अशी मनाची समजूत घातली. पदरी पडलं आणि पवित्र झालं, दुसरं काय.

जेवणाच्या दिवशी खोली भट्टीसारखी तापली होती. भिंतीकडच्या मानाच्या जागी मेंग सर, डाव्या हाताला उपकुलगुरू प्यो, उजव्या हाताला मी, माझ्यापुढे ग्वाक. मग उतरत्या क्रमाने बाकीची भुतावळ. अगदी दाराशी दाउन, कारण ती सर्वांत लहान. अडतीस वर्षांची बाई सर्वांत लहान कशी, तर तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही म्हणून. ऑक्टोपस आला तेव्हा अर्थातच तिलाच उठवलं. गुडघ्यांवर बसून ती कात्रीने त्याचे पाय कापत होती, आणि ग्वाक सांगत होता, “बारीक काप, बारीक. सरांचे दात बघ.”

उपकुलगुरू राजधानीतून, सोलहून, नुकतेच आलेले. त्यांना शेवाळात रस नव्हता, माशांत होता. मधूनच मेजाखाली मोबाइल बघत. मेंग सर त्यांना दोन्ही हातांनी प्याला भरून देत होते, जो माणूस आम्हाला एका हातानेसुद्धा देत नाही.

“हे दाशिमाचं वाण म्हणजे माझं तिसरं अपत्य,” सर सांगत होते. “रात्र रात्र झोप नाही मला. आता माझ्या पोरांनी मदत केली, नाही असं नाही. या आमच्या तक बाई. यांनी तर टाक्या अगदी घरातल्या भांड्यांसारख्या घासूनपुसून ठेवल्या. बाईमाणूस असलं की केंद्राला घरपण येतं.”

उपकुलगुरू माझ्याकडे बघून हसले. “स्वच्छता फार महत्त्वाची,” म्हणाले.

मीही हसले. दाराशी कात्रीचा आवाज थांबला होता. दाउन माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ऑक्टोपस वाढून झाला. मेंग सरांनी चष्मा काढला.

सगळ्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. सरांनी रुमाल काढला, काचा पुसल्या, मान खाली घातली. यंदा उपकुलगुरूंसाठी भाषण थोडं वाढवून तयार केलेलं होतं. “मी आता म्हातारा झालो. आज उपकुलगुरूंच्या साक्षीने अगदी मनापासून सांगतो, मला मोकळं करा. माझ्यापेक्षा लायक माणसं याच खोलीत बसलेली आहेत. ही खुर्ची दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी.”

सगळी खोली माझ्याकडे वळली. ग्वाकने हळूच हनुवटी हलवली. चला, व्हा सुरू.

नेमकी तेव्हाच आग चढली. खालून तापलेली जमीन, आतून तापलेली मी. मानेवरून घामाच्या धारा. वाक्य जिभेवर तयार होतं, कापऱ्या आवाजासकट. मी सरांकडे पाहिलं. मान खाली होती, पण डोळ्याचा एक कोपरा उपकुलगुरूंवर होता. आणि ओठ हलत होते. आधी मला कळेना काय करताहेत. मग कळलं. हा माणूस मला माझं वाक्य सांगत होता! शाळेच्या संमेलनात पोरगं अडखळलं की आई पडद्याआडून ओठ हलवते ना, तसं. “सर... तुम्ही... गेलात... तर...”

माझी चाळिशी घेतली, वाण घेतलं, आता शेड घेणार. त्याचं मला वाईट वाटत आलं होतं आणि मी गिळत आले होते. पण ही बाई साधं लोटांगणसुद्धा आपल्याशिवाय धड घालू शकणार नाही, अशी त्या माणसाची खात्री होती. त्या हलत्या ओठांची मला इतकी शिसारी आली की वाक्य जिभेवरून पडलंच.

“सर,” मी म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.”

ओठ हलायचे थांबले.

“आम्ही दरवर्षी तुम्हाला अडवलं. तुम्ही जातो म्हणायचात आणि आम्ही तुम्हाला ओढून परत त्या खुर्चीत बसवायचो. फार आपमतलबी वागलो आम्ही. यंदा नाही अडवणार. तुमच्या कष्टांबद्दल आम्ही सगळे आभारी आहोत. आता तुम्ही मोकळे.”

आणि मी दोन्ही हात टेकून वाकले, थेट कपाळ जमिनीला लावलं. आणि तशीच राहिले. दोन नंबरचा माणूस जमिनीवर कपाळ टेकून असताना तीन नंबरच्याला बोलता येत नाही. माझ्या कपाळाखालची जमीन तापली होती, नाकावरून घाम ठिबकत होता, आणि वर खोलीत माशी शिंकत नव्हती. मी मुद्दाम उशीर केला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या नियमाचा उपयोग झाला.

डोकं वर केलं तेव्हा ग्वाकचा चेहरा उकडलेल्या ऑक्टोपसापेक्षा लाल झाला होता.

“नाही नाही, गैरसमज नको,” तो उपकुलगुरूंना म्हणाला. “मॅडमना बरं नाहीये. वयाचा त्रास असतो, त्यात माणूस काय बोलतो ते...”

“मला काही झालेलं नाही, ग्वाक. घाम आलाय. डोकं जागेवर आहे.”

आणि तेवढ्यात टाळी वाजली. एकच. उपकुलगुरूंची. त्यांनी मोबाइल खाली ठेवला होता आणि संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्यांचे डोळे पुरते उघडले होते.

“वा! मेंग सर, वा!” ते म्हणाले. “आजकाल असं कोण सोडतं हो? आमच्या सोलकडे माणसांना खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवावं लागतं. मी तर आज कंबर कसूनच आलो होतो. म्हटलं, आता तीन वर्षं वाढवून मागतील आणि मला नाही म्हणण्याचा वाईटपणा घ्यावा लागेल. तुम्ही माझं ओझंच उतरवलंत!”

उपकुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या म्हटल्यावर सगळ्यांना वाजवणं भाग होतं. ग्वाकचे हातसुद्धा वाजू लागले. आधी हात वाजले, मग हळूहळू चेहऱ्यावर हसू आलं.

“नाही, तसं नव्हे,” मेंग सर म्हणाले. चष्मा अजून हातातच होता. “म्हणजे... केंद्राचीच जर इच्छा असेल, तर मी जीव गेला तरी...”

“पुरे झाला आता तुमचा नम्रपणा!” उपकुलगुरूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “निरोप समारंभ आपण थाटात करू. नाही म्हणायचं नाही!”

“पण मला खरोखरच...”

“बघा! बघा! याला म्हणतात जुन्या वळणाचा माणूस!”

बिचारा. माणूस सोडू नका सोडू नका म्हणून ओरडतोय आणि समोरचा त्यालाच विनय म्हणतोय. पण मला दया आली नाही. जन्मभर खोटं ‘नाही’ म्हणत आलेल्या माणसाचं खरं ‘नाही’ कुणी का ऐकावं?

“आणि यांच्यानंतर कोण?” उपकुलगुरूंनी विचारलं.

दाराशी कात्री ठेवल्याचा खणकन आवाज झाला.

“क्रमाने तक मॅडम,” दाउन म्हणाली. “आणि ते वाणही त्यांचंच आहे.”

इतक्या वर्षांत दाराशी बसलेल्या माणसाचा आवाज भिंतीपर्यंत पोहोचल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. ग्वाकने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ऑक्टोपसच बोलला.

आता रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, मी त्या लायक नाही. एकदा, दोनदा, तीनदा. मग सगळ्यांनी आग्रह करायचा. मी म्हणाले, “हो. मी तयार आहे.” उपकुलगुरूंनी भुवया उंचावल्या, मग हसले आणि माझा प्याला भरला. कालवण आलं. मेंग सरांनी त्याला हात लावला नाही. मी दोन वाट्या प्यायले.

जेवण संपून बाहेर आलो. दाराबाहेरच्या ओट्यावर बुटांचा नुसता खच पडला होता. उपकुलगुरू गाडीत बसून गेलेसुद्धा. माझा घाम एव्हाना अंगावर गार पडला होता. या आगीचं असंच असतं, गेली की मागे हुडहुडी ठेवून जाते. नुसत्या मोज्यांवर मी ओट्याच्या कडेला उभी होते आणि पाय बर्फाच्या लाद्या झाले होते.

मागे मेंग सर मोबाइलच्या उजेडात वाकून बूट शोधत होते. एक काळा जोड उचलायचे, उलटापालटा करायचे, परत ठेवायचे. इतकी वर्षं बूट आपोआप पायाशी आलेले. आपले नेमके कुठले, हेच त्या माणसाला ओळखू येईना. जे आणून ठेवायचे, ते ग्वाक साहेब आज तिथे नव्हते.

ग्वाक साहेब आले ते माझ्यापुढे. गुडघ्यावर बसले. दोन्ही हातांत माझे बूट, टाचा माझ्याकडे करून.

“या, मॅडम.”

“ठेवा खाली. माझे मी घालते.”

“असं कसं मॅडम!” हसत हसत त्याने बूट आणखी जवळ आणले.

“ग्वाक, नको म्हटलं ना मी.”

“तुमचा स्वभावच असा मॅडम. संकोच फार.”

“नको!” मी ओरडलेच. रस्त्यापलीकडची मासळीवाली मान वळवून बघायला लागली.

ग्वाकने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घाबरला नव्हता तो मुळीच. समजूतदारपणे हसत होता. तीनदा नको झालं, रीत पुरी झाली, आता हो, असा त्याचा सरळ हिशेब. मी शंभर वेळा ओरडले असते तरी तो तसाच बसून राहिला असता, आणि उद्या लोकांना सांगितलं असतं, नव्या मॅडम किती विनयशील आहेत म्हणून.

ओट्याच्या टोकाला दाउन आपल्या बुटांच्या नाड्या बांधत होती. तिचे हात थांबले. ती माझ्या पायांकडे बघत होती.

थंडी हाडांत शिरली होती. मी पाय पुढे केला.

बूट आतून गरम होता. मेल्याने आमचं कालवण चालू असताना उठून ते शेगडीजवळ नेऊन तापवून आणले होते. मी दुसराही पाय पुढे केला, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.